रामा, पांडू, बहादूर, जॉर्ज: एक नाव अख्ख्या गटाला कसं चिकटतं?

नावगाव
मुंबईत एके काळी घरकामाला असलेल्या कोकणी गड्याला, त्याचं पाळण्यातलं नाव काहीही असो, 'रामा' म्हणत. गुजराती घरांत तोच 'रामो' व्हायचा. हवालदार म्हटला की 'पांडू', सोसायटीचा नेपाळी राखणदार म्हटला की 'बहादूर'. तिकडे ब्रिटिश शिपाई 'टॉमी', आयरिश माणूस 'पॅडी', स्कॉटिश 'जॉक', वेल्श 'टॅफी', जर्मन 'फ्रिट्झ', रशियन 'इव्हान'.

सरधोपट उत्तर असं की त्या गटात ते नाव सर्वांत जास्त होतं म्हणून ते गटाचं झालं. पॅट्रिकवरून पॅडी, फ्रीडरिखवरून फ्रिट्झ, पांडुरंगवरून पांडू. माझं मतही साधारण तेच आहे. पण एक गोष्ट खटकते. कोकणात गणपत, विठ्ठल, महादेव ही नावंही भरपूर होती. मग 'रामा'च का? नुसती संख्या पुरते, की आणखी काही लागतं? जाणकारांनी उदाहरणासह लिहावं. नुसतं 'असंच पडलं असेल' नको.

मोडीवाचक
'रामा'च का, याचं उत्तर नावांच्या शेपटात आहे. सखाराम, तुकाराम, सीताराम, शांताराम, आत्माराम, परशुराम, राजाराम, जयराम, शिवराम, शिवाय पुढे राम असलेले रामचंद्र आणि रामकृष्ण. ही सगळी नावं वेगवेगळी, पण हाक मारताना प्रत्येकात एक 'राम' सापडतो. गणपतमधून फक्त गणपतच निघतो. त्यामुळे रजिस्टरमध्ये 'राम' हे एकटं नाव कमी दिसलं तरी ज्यांना 'रामा' म्हणून हाक मारता येईल अशी माणसं पुष्कळ होती. संख्या मोजताना हे विसरलं तर उत्तर चुकतं.

दुसरं, 'रामा' हे रूपच पाहा. अकारान्त पुल्लिंगी नामाचं संबोधन आकारान्त होतं: देवा, विठ्ठला, रामा. म्हणजे हे नाव नव्हे, ही हाक आहे. स्वयंपाकघरातून दिलेली हाक गोठून तिचं नाम झालं आणि मग 'आमच्याकडे दोन रामा आहेत' असं अनेकवचन आलं. हाक, मग नाम, मग अनेकवचन, हा क्रम लक्षात ठेवावा. जिथे अनेकवचन सहज होतं तिथे टोपणनाव पक्कं झालं असं समजायला हरकत नाही.

रानमोगरी
मोडीवाचकांच्या मुद्द्याला जोडून. मराठीत एकाच नावाच्या पायऱ्या असतात. राम्या, रामा, रामू, रामबा, रामभाऊ, रामजी, रामराव, रामचंद्रपंत. बोलणारा कुठल्या पायरीवरून हाक मारतो त्यावरून दोघांमधलं नातं कळतं. गटाचं टोपणनाव कायम खालच्या पायरीवरूनच उचललं जातं. 'आमचा रामराव भांडी घासतो' असं कुणी म्हणत नसे. 'पांडुरंगराव हवालदार' म्हटलं की तो एक विशिष्ट माणूस होतो, 'पांडू' म्हटलं की कुणीही.

इंग्रजीतही तसंच. थॉमस नाही, टॉमी. पॅट्रिक नाही, पॅडी. ब्रिजेट नाही, बिडी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या घरांमध्ये कामाला असलेल्या आयरिश मुलींना सरसकट 'बिडी' म्हणत. म्हणजे आपल्या 'रामा'ची ती सख्खी बहीण.

परळनाका
'छोटू' राहिला की यादीत. चहाच्या टपरीवर प्रत्येक पोरगा छोटूच.

रानमोगरी
@परळनाका, छोटू हे मुळात नाव नाही, आकारमान आहे. मावशी, काका, मामा, अण्णा, भैया ही नाती आहेत. धागा नावांपुरता ठेवूया, नाहीतर वाहतूक पोलिसाला 'मामा' का म्हणतात यावरच चार पानं होतील. पण एक खरं, आता घरकामवाल्या बाईंना 'ताई' किंवा 'मावशी' म्हणण्याची रीत पडली आणि 'गंगू' मागे पडली. नात्याच्या शब्दालाही नाव विचारावं लागत नाही, फक्त तो कानाला मऊ लागतो.

पुणेकर_न्यूजर्सी
'जास्त संख्या म्हणून नाव' या मताविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतल्या रेल्वेत आहे.

पुलमन कंपनी झोपायच्या डब्यांच्या गाड्या चालवायची. त्यांतले पोर्टर कृष्णवर्णीय असत आणि सुरुवातीला बरेच जण गुलामगिरीतून सुटलेले होते. बिछाना घालणं, बूट पॉलिश करणं, सामान चढवणं हे त्यांचं काम. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत. का? कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी सवय तशीच गाडीत चढली.

१९१४ मध्ये 'झोपायच्या डब्यातील पोर्टरांना जॉर्ज म्हणण्यास प्रतिबंध करणारी संस्था' निघाली. काढणारे गोरे होते आणि त्यांची स्वतःची नावं जॉर्ज होती. आपलं नाव नोकराला लावलं जातं याचा त्यांना राग होता, त्यात पोर्टरांविषयी कळवळा किती होता ते सोडून द्या. पण १९२६ मध्ये डब्यात पोर्टरच्या नावाची पाटी लावायची सोय कंपनीने केली आणि तेव्हा मोजदाद निघाली. सुमारे १२,००० पोर्टर आणि वेटरांमध्ये खरोखरचे जॉर्ज निघाले ३६२. म्हणजे शंभरात तीन.

पोर्टरांची स्वतःची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये उभी राहिली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार झाला. पगार आणि कामाचे तास हे मोठे प्रश्न होतेच, पण आपल्याला आपल्या नावाने हाक मारावी हाही त्या लोकांचा जिव्हाळ्याचा विषय होता.

तेव्हा नावगाव, गटात ते नाव किती जणांचं आहे याने ठरत नाही. हाक मारणाऱ्याला नाव विचारायची गरज वाटते की नाही, याने ठरतं.

नावगाव
पुलमनचं उदाहरण फारच मोलाचं आहे, आभार. पण जॉक, टॅफी, किंवा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलकडचे 'जॉर्डी' यांचं काय? तिथे मालक-नोकर असं सरळ नातं नाही, आणि ती नावं त्या लोकांमध्ये खरंच खूप आढळतात.

दर्यावर्दी_२
नावगावशी सहमत. बाहेरून लादलेलं नाव आणि आतून मिरवलेलं नाव या दोन वेगळ्या जाती आहेत, एका मापाने मोजू नयेत.

न्यूकॅसल आणि टाइन नदीच्या काठचे लोक 'जॉर्डी'. हे जॉर्जचं तिकडचं लाडकं रूप. व्युत्पत्ती तीन सांगतात. १७४५ च्या बंडात ते शहर राजा जॉर्जच्या बाजूने राहिलं म्हणून; जॉर्ज स्टीफन्सनने १८१५ मध्ये बनवलेला सुरक्षा-दिवा तिथले खाणकामगार वापरत आणि त्या दिव्यालाच 'जॉर्डी' म्हणत म्हणून; आणि तिसरी अगदी साधी, खाणीत जॉर्ज नावाचे पुष्कळ होते म्हणून. कुठलीही खरी असो, आज तिथला माणूस स्वतःला अभिमानाने जॉर्डी म्हणवतो. 'रामा' म्हणवून घेण्यात कुणी अभिमान मानल्याचं दिसत नाही.

आता आतले लोक सारख्या नावांचं काय करतात ते पाहा. वेल्श पलटणीत जोन्स, विल्यम्स, डेव्हिस इतके असत की पलटण क्रमांकाचे शेवटचे आकडे जोडून हाक मारायची. २२ जानेवारी १८७९ च्या, दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्यांत दोन जोन्स होते, रॉबर्ट आणि विल्यम. एक ७१६, दुसरा ५९३. बाहेरचा माणूस सगळ्यांना 'टॅफी' म्हणून मोकळा होतो. आतल्याला मात्र रसद वाटायची असते, पहारा लावायचा असतो, म्हणून तो वेगळेपण शोधतो.

आपल्या गावातही चार पांडुरंग असले तर खालच्या आळीचा पांडू, चोपदारांचा पांडू, उंच पांडू असेच होतात. गावात 'पांडू' एवढंच नाव अपुरं पडतं. शहरात तेवढंच पुरतं.

मोडीवाचक
सहमत. आणि म्हणूनच 'सोम्यागोम्या' वेगळा. सोमा आणि गोमा ही साधी नावं, पण जोडीने आली की अर्थ 'कुणीही ऐरागैरा'. तो कुठल्या एका गटाचा नाही. संस्कृत व्याकरणातले देवदत्त-यज्ञदत्तही तसेच, उदाहरणापुरते. इंग्लंडच्या कोर्टांतले जॉन डो आणि रिचर्ड रो हेही जमिनीच्या दाव्यांतले कागदी पक्षकार.

'टॉमी'चा उगम मात्र अशाच कागदी माणसात आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश युद्धखात्याच्या फॉर्मवर भरून दाखवलेला नमुना असायचा आणि त्यात शिपायाचं नाव 'थॉमस ॲटकिन्स' असे. नमुन्यातला शिपाई पुढे सगळ्याच शिपायांचं नाव झाला. वेलिंग्टनने एका मरणोन्मुख शूर शिपायाच्या आठवणीसाठी ते नाव निवडलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला आधार नाही. भावुक किस्सा आणि रूक्ष फॉर्म यांत निवड करायची असेल तर फॉर्मकडे झुकावं. आपल्याकडे शाळेच्या पत्रलेखनात 'अ.ब.क.' लिहितात. त्यातून टॉमी निघणार कसा?

तिखटमीठ
अवांतर: बातम्यांत 'लोखंडी टॉमीने शटर उचकटून चोरी' असं नेहमी येतं. तो टॉमी हाच का?

गॅरेजवाला
@तिखटमीठ, तो टॉमी म्हणजे इंग्रजीतला टॉमी बार. मूळ वस्तू छोटी असते. बॉक्स पान्याच्या वरच्या टोकाला आरपार भोक असतं, त्यात घालून फिरवायची सळई म्हणजे टॉमी. आपल्याकडे चाकाचे नट सोडवायची, टायर रिममधून काढायची, ट्रकमागे ठेवायची लांब पहार या सगळ्यांनाच टॉमी म्हणतात. शटर उचकटायला लागते ती ही लांबवाली. ब्रिटिश शिपायाशी तिचा संबंध लावू नका, त्याला पुरावा नाही. पण नाव थॉमसचंच.

'जॅक'ची गोष्ट मात्र सरळ आहे. इंग्रजीत जॅक म्हणजे कुणीही पोऱ्या, हरकाम्या. पोऱ्याचं काम करणाऱ्या साधनांना तेच नाव मिळालं. बूट ओढून काढायचा लाकडी जॅक, मांस भाजताना शीग फिरवणारा जॅक, आणि मग वजन उचलणारा जॅक. स्टेपनीजवळ ठेवलेला जॅक म्हणजे न बोलणारा रामा.

जेरीकॅनमधला जेरी मात्र वेगळा. तो दिसतो नावासारखा, पण 'जर्मन' या शब्दाचंच ते मोडलेलं रूप मानलं जातं. कॅन मूळ जर्मन सैन्याचा, २० लिटरचा. वर तीन मुठी, म्हणजे भरलेला कॅन दोघांना धरता येतो आणि रिकामे दोन एका हातात जातात. बाजूंवर फुलीचा ठसा, त्यामुळे पत्रा ताठ राहतो आणि आतलं पेट्रोल तापून फुगलं तर जागा मिळते. ब्रिटिशांना तो इतका आवडला की त्यांनी तसाच बनवला आणि नाव मात्र शत्रूचं ठेवलं.

पुणेकर_न्यूजर्सी
नावासारखं दिसणारं आणखी एक: व्हिएतनाम युद्धातला 'चार्ली'. व्हिएतकाँगची आद्याक्षरं व्ही आणि सी, रेडिओच्या वर्णमालेत 'व्हिक्टर चार्ली', त्यातून चार्ली. कुठल्याच चार्ल्सचा संबंध नाही.

आणि एका खऱ्या माणसावरून आलेलं: लंडनचा पोलीस 'बॉबी'. १८२९ मध्ये महानगर पोलीस दल उभारणारे गृहमंत्री रॉबर्ट पील. पहिल्या नावावरून बॉबी, आडनावावरून पीलर. उत्तर आयर्लंडमध्ये पीलर अजून ऐकू येतं.

परळनाका
मग पांडू बॉबीच्या खात्यात टाका. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ चा. पडद्यावरच्या एका पांडूवरून सगळे पांडू झाले.

रानमोगरी
@परळनाका, अर्धं मान्य. चित्रपटाने नाव घट्ट बसवलं हे खरं. पण हवालदाराला पांडू नाव शोभलं का, तर पंढरीच्या वारीच्या पट्ट्यातून मुंबई-पुण्याला आलेल्या माणसांत पांडुरंग, विठ्ठल, नामदेव, तुकाराम, एकनाथ ही नावं ओळखीची होती म्हणून. 'नील हवालदार' नाव ठेवलं असतं तर कुणाच्या जिभेवर बसलं नसतं. नाव माहितीचं हवं, आणि मग त्याला एक प्रसंग हवा. दोन्ही लागतं.

हापूसबाग
बहादूरविषयी कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नेपाळी पुरुषाच्या नावात बहुधा तीन भाग असतात. पहिला त्याचा स्वतःचा: मन, दिल, टेक, शेर, सूर्य. दुसरा बहादूर. तिसरा थर, म्हणजे आडनाव: थापा, राई, मगर, तमांग, गुरुंग. म्हणजे 'बहादूर' हा भाग लाखोंच्या नावात आहे, पण त्या एकट्याने कुणाचीच ओळख पटत नाही. नेपाळचे अनेक पंतप्रधान बहादूर होते, सूर्य बहादूर थापा, लोकेंद्र बहादूर चंद, शेर बहादूर देउबा. त्यांच्या देशात त्यांना नुसतं 'बहादूर' म्हणून कुणी हाक मारणार नाही. आपण नेमका तोच भाग उचलला, कारण तो आपल्याला आधीपासून येत होता: रावबहादूर, खानबहादूर, कंपनी बहादूर. एकाच शब्दाने कधी ईस्ट इंडिया कंपनीला मुजरा केला आणि आज गेटवरच्या माणसाला गाडीसाठी फाटक उघडायला सांगतो. 'कांछा'ही तसाच. जेठा, माइला, साइला, काइला, कान्छा हा भावंडांचा क्रम आहे आणि कान्छा म्हणजे शेंडेफळ.

आता कोकणाचं पाहा. ज्या रत्नागिरीतून 'रामा' मुंबईला गेले, तिथल्याच आंबाबागांत आज राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी माणसं येतात आणि आपण त्यांना 'बहादूर' म्हणतो. हे मनाला लागतं. आपल्या आजोबा-पणजोबांना दुसऱ्याच्या घरी जे ऐकावं लागलं तेच आपण ऐकवतोय.

यात भावनेपलीकडे व्यवहाराचंही नुकसान आहे. हजेरीच्या वहीत 'बहादूर १, बहादूर २, म्हातारा बहादूर' लिहिलं की हंगामाच्या मधे एक जण गावी जाऊन त्याच्या जागी भाऊ आला, तर उचल कुणाच्या नावावर आहे याचा घोळ होतो. अपघात झाला तर दवाखान्यात नाव सांगता येत नाही. पोलीस ठाण्यात कामगारांची माहिती द्यायची तेव्हा धावपळ होते. उपाय सोपा आहे. त्यांचं नागरिकता प्रमाणपत्र देवनागरीतच असतं, म्हणून नाव पाहून जसंच्या तसं उतरवता येतं. तिन्ही भाग लिहा, जिल्हा लिहा (अछाम, बझाङ, डोटी जे असेल ते) आणि हाकेसाठी पहिला भाग वेगळ्या रकान्यात लिहा. जन्मतारीख विक्रम संवतात असते. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतची तारीख असेल तर ५७ वजा करा, त्यानंतर चैत्राअखेरपर्यंतची असेल तर ५६. सरसकट ५७ वजा केले की काहींचं वय एका वर्षाने जास्त लागतं आणि मग कागद जुळत नाहीत.

तिखटमीठ
@हापूसबाग, हे बागायतदारांच्या गटात पाठवते आहे. फार उपयोगी.

दर्यावर्दी_२
रकाना ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुलमनच्या डब्यातली पाटी आणि हापूसबागांचा रकाना हे एकच काम करतात.

पण कागद उलटही वापरला गेलाय, तेही इथे नोंदवावंसं वाटतं. १९३८ च्या ऑगस्टमध्ये नाझी सरकारने हुकूम काढला की ज्या ज्यूंचं नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांपैकी नसेल त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून नावात जोड लावायची. पुरुषांनी 'इस्राएल', बायकांनी 'सारा'. ओळखपत्रावर, सहीत, दप्तरात सगळीकडे. हाकेतून आलेलं नाव निदान बदलता येतं. इथे गटाचं नाव कायद्याने प्रत्येकाच्या स्वतःच्या नावात घुसवलं. त्यानंतर काय झालं ते जग जाणतं. आज समाजमाध्यमांवर 'अब्दुल' म्हणून अख्ख्या समाजाविषयी लिहिणारे लोक दिसतात तेव्हा हे आठवावं.

रानमोगरी
दर्यावर्दी, हे लिहिलंत ते बरं केलंत. जुनी टोपणनावं लांबून गोड वाटतात, चालू असलेली नाही.

नावगाव
चर्चा फार चांगली चालली आहे. मूळ प्रश्नाकडे येतो. बाहेरून आलेल्या नावाला संख्या लागत नाही हे जॉर्जवरून दिसतं. आतून आलेल्या नावाला बहुधा लागते. 'रामा' आणि 'पांडू' या दोन्हींच्या मधे आहेत असं वाटतं. मग कोकणातल्या एखाद्या गावात 'राम'वाली नावं खरंच किती होती, हे घरबसल्या तपासता येईल का?

खडूफळा
येईल, मतदार यादीवरून. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार याद्या मिळतात. युक्ती अशी की मतदाराचं नाव न मोजता वडील किंवा पती या रकान्यातलं नाव मोजायचं, म्हणजे एक पिढी मागे जाता येतं. साठीच्या पुढचे मतदार निवडले तर त्यांचे वडील १९२०-४० च्या सुमाराचे निघतात.

चुका कुठे होतात ते सांगते. भावंडं एकाच घरात असली तर तेच वडील तीनतीनदा मोजले जातात, म्हणून घर क्रमांक आणि वडिलांचं नाव अशी जोडी एकदाच धरायची. लग्न झालेल्या बायकांपुढे बहुधा पतीचं नाव असतं, ते वेगळ्या पिढीचं, म्हणून वेगळं ठेवायचं. यादी पीडीएफमध्ये चित्ररूप असेल तर शोध चालत नाही आणि अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअरं जोडाक्षरात गोंधळतात. शंभर नोंदी हाताने ताडून पाहाव्यात. एकच नाव पांडुरंग, पांडूरंग, पाडुरंग, पांडु अशा चार प्रकारे येतं, आधी ती एकत्र करायची.

मोडीवाचक
त्यात एक भर. 'राम' मोजताना तीन ढीग करा: नुसता राम, पुढे राम, शेवटी राम. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला तर माझं म्हणणं टिकेल. रामा हे पूर्ण नाव म्हणूनच नोंदलेलं असेल तर ते तिन्हीत न घालता बाजूला ठेवा, कारण तिथे हाक आणि नाव वेगळं काढता येत नाही. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहायला मिळालं तर यादीपेक्षा ते सरस. त्यात प्रवेशाच्या दिवशी लिहिलेलं नाव असतं, मतदार यादीत पुढे सुधारलेलं.

नावगाव
संगमेश्वर तालुक्यातल्या दोन भागांच्या याद्या उतरवून घेतो आहे. तिन्ही ढीग करून आकडे इथेच टाकतो. खडूफळाताई, पतीच्या रकान्याची मोजणी तुम्ही कराल का? एका हाताने झालं की चूक राहते.

खडूफळा
करते. भाग क्रमांक व्यक्तिगत निरोपात पाठवा.